देवाचं वकीलपत्र

रविवार, १ जून २०२५. दुपारी.

आजपासून रोज लिहायचं. गोड बंद, टीव्ही बंद, लिखाण सुरू. ही डायरी कोणाला दाखवायची नाही. सुलभाला तर मुळीच नाही. बायकोला दाखवलेलं माझं काहीच टिकत नाही.

कारण असं. आज अश्विनी हुबळीहून आली होती, एकटीच. जावयाची, म्हणजे श्रीनिधीची, तारिहाळच्या कारखान्यात रविवारीही शिफ्ट असते. सागरला जाऊन चोवीस ऑगस्टला वर्ष होईल. नातू माझा. तीन वर्षांचं पोर, डेंग्यूनं गेलं. आमच्या ख्रिस्ती लोकांत रीत आहे, वर्षाच्या आत कबरीवर दगड बसवायचा, त्यावर नाव, नावाखाली शास्त्रातलं एक वचन. वचन मी कधीच ठरवून ठेवलंय. त्यानंच दिलं, त्यानंच नेलं, अशा अर्थाचं. मिरजेला आजोबांच्या दगडावर तेच, इथे धारवाडात वडिलांच्या दगडावर तेच. घराण्याची परंपरा आहे.

अश्विनी म्हणाली, वचन नको. म्हटलं, का बाई? म्हणाली, अप्पा, आधी मला एक सांगा. दावीद राजानं दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला मारवलं. पाप राजानं केलं. मग देवानं त्याचं तान्हं बाळ का मारलं? आणि त्या बाळाच्या आईचं काय? तिला कोणी काही विचारलं का?

सुलभा भाकरी थापता थापता थांबली. मी थांबलो नाही. चाळीस वर्षं फौजदारी कोर्टात उभा राहिलोय, आरोपीच्या बाजूनं. म्हटलं, प्रश्न उत्तम आहे. तयारी करून उत्तर देतो. तारीख घे, पंधरा जून. ती थोडंसं जेवली आणि हुबळीच्या चिगरी सिटी बसनं परत गेली.

ठरलं. देवाचं वकीलपत्र घेतलं. फी नाही, अशील भेटत नाही, साक्षीदार सगळे मेलेले. असू दे. याहून वाईट केसेस सोडवल्या आहेत. एकदा का तिला पटलं की दगडावर वचन येईल, वचन आलं की पोरगी परत चर्चला येईल. सरळ हिशेब.

मंगळवार, ३ जून.

एकच आरोप घेऊन चालणार नाही. दावीदाच्या बाळाचं उत्तर दिलं की विरोधक म्हणणार, मग जलप्रलयाचं काय? मिसर देशातल्या थोरल्या मुलांचं काय? अमालेकी लोकांची बायकापोरं कापायला सांगितली, त्याचं काय? टकल्या म्हणून चिडवलं म्हणून संदेष्ट्यानं शाप दिला आणि दोन अस्वलिणींनी बेचाळीस पोरं फाडली, ते? सगळे आरोप एकदम निकालात काढायचे. केस कशी, बांधीव पाहिजे.

यूट्यूबवर बेंगळूरचा एक पोरगा बघितला. टी-शर्ट घालून माझ्या अशिलाला खुनी म्हणतो! खाली तीन परिच्छेदांचं उत्तर टाकलं. एक अंगठा आला. सुरुवात चांगली.

अश्विनीच्या डोक्यात हे सगळं श्रीनिधीच भरवतो, असा दाट संशय. तो पडला ब्राह्मणाचा मुलगा, देवबिव मानत नाही म्हणे. कधी बोलत नाही. न बोलणारा माणूस आत काहीतरी शिजवत असतो, हा अनुभव आहे.

शुक्रवार, ६ जून.

दावीदाचं प्रकरण मुळातून वाचलं. बाळ आजारी पडलं. राजा आठवडाभर जमिनीवर पडून, अन्न नाही, पाणी नाही. सातव्या दिवशी बाळ गेलं. मग उठला, अंघोळ केली, जेवला. मग बायकोकडे गेला आणि तिचं सांत्वन केलं. ही शेवटची गोष्ट एकाच ओळीत आहे. युक्तिवादाला काही उपयोग नाही, सोडून दिली. बाळाचं नाव रेकॉर्डवर नाही.

रविवार, १५ जून.

सुनावणी. अश्विनी वेळेवर हजर. मी तयार नव्हतो, कारण अमालेकींनी फार वेळ खाल्ला. पुढची तारीख मागितली. म्हणाली, अप्पा, मी एकच तर विचारलंय. तिला समजावलं की असं सुटं उत्तर दिलं तर केस पडते. मग स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसली. बाहेर नुसत्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या.

पुढची तारीख सहा जुलै. अर्धा पेढा खाल्ला. शेजारी आणून देतात, नाही म्हणणं बरं दिसत नाही.

बुधवार, १८ जून.

बाळाचार्यांबरोबर रंगीत तालीम. बाळाचार्य म्हणजे शेजारी. सरकारी वकील होते, जन्मभर माझ्यासमोर उभे राहिले, आता माझ्यासमोर वाडीतल्या कठड्यावर बसतात. त्यांना म्हटलं, तुम्ही फिर्यादी पक्ष, मी देवाचा वकील. म्हणाले, आयतु, ठीक आहे, चालू करा.

मी म्हटलं, मिसरच्या राजानं आधी इब्री लोकांची पोरं नदीत टाकली होती, म्हणून त्याची पोरं गेली. म्हणाले, राजानं टाकली ना? मग जात्यावर दळणाऱ्या दासीचं थोरलं पोर का गेलं? हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मी म्हटलं, जुन्या काळी लढाईची वर्णनं फुगवून लिहायचे, सगळे मारले म्हणजे सगळे नव्हेत. म्हणाले, म्हणजे थोडी पोरं मारली तर चालतात? आणि त्या हुकुमात उंट-गाढवं पण आहेत म्हणता, गाढवांनी काय घोडं मारलं होतं?

तालीम बरखास्त. मनुष्य विनाकारण तापट होत चाललाय. नोंद: गाढवांचं उत्तर तयार करणे.

जाताना म्हणाले, वकीलसाब, हा प्रश्न आमच्याकडे पण आहे. आम्ही मागच्या जन्मावर ढकलतो. म्हटलं, ती पळवाट आहे. म्हणाले, हौदु, हो, पळवाटच. पण आमच्या भावजयीचं पोर गेलं तेव्हा मी हे तिला बोललो नाही.

रविवार, ६ जुलै.

या वेळी दोघंही आली. मी श्रीनिधीला सरळ विचारलं, हे प्रश्न तुझे का? तो म्हणाला, मावा (सासऱ्याला ते कानडीत असंच म्हणतात), मला तुमच्या शास्त्रातलं काही ठाऊक नाही. मी शिफ्टच्या आधी सागरकडे जातो, तिथं कबरीजवळ कण्हेरीचं झाड आहे, त्याला पाणी घालतो, एवढंच. उत्तर टाळलं, हे उघड आहे.

पुन्हा तारीख मागावी लागली. अस्वलिणींचा मुद्दा अडलाय. ती पोरं नव्हती, टोळभैरव होते असं म्हणता येतं, पण बेचाळीस म्हणजे फार होतात. अश्विनी म्हणाली, अप्पा, अस्वलं राहू द्या. वचन पण घाला हवं तर. मला फक्त एवढंच... तेवढ्यात दगडवाल्याचा फोन आला, मजकूर पाहिजे म्हणून. त्याला म्हटलं, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. त्याला मराठी कमी समजतं, दोनदा सांगावं लागलं. फोन ठेवला तेव्हा ती दोघं चपला घालत होती.

सुलभा रात्री म्हणाली, ती काय सांगत होती ते विचारलंत का? म्हटलं, पुढच्या तारखेला सांगेल.

रविवार, २० जुलै.

तारीख होती. अश्विनी आली नाही. प्रतिपक्ष गैरहजर! केस कमजोर असली की असंच होतं, पक्षकार तोंड चुकवतो. बेंगळूरच्या पोरानं माझं उत्तर काढून टाकलं. तोही घाबरला.

गुरुवार, २४ जुलै. सकाळी.

सापडलं! तेही बाळाचार्यांच्या तोंडून. मी म्हटलं, फिर्यादी पक्ष फारच बारीक प्रश्न विचारतोय. ते म्हणाले, वकीलसाब, तुम्ही कधी खुलासे करत बसलात का हो? अमरगोळच्या मार्केट यार्डातली ती खुनाची केस आठवा. अडत्या तुमचा अशील. तो निर्दोष आहे असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. नुसतं रखवालदाराकडे बोट दाखवलंत. किल्ली कोणाकडे होती, दिवा कोणी विझवला, एवढंच विचारत राहिलात. अडत्या सुटला. वड्याचं तेल वांग्यावर काढण्यात तुमचा हात कोण धरणार!

खरंच की! इतके दिवस मी माझ्या अशिलाचं कृत्य योग्य होतं हे सांगत बसलो. कृत्य त्याचं नव्हतंच, हे सांगायचं. अस्वलिणी, गाढवं, सगळं फेकून दिलं. हलकं वाटलं.

बाळाचार्यांनी विचारलं, त्या रखवालदाराचं पुढे काय झालं ठाऊक आहे का? नाही. जो माझा अशील नाही त्याची चौकशी मी करत नाही.

रविवार, ३ ऑगस्ट.

युक्तिवाद लिहून काढला. थोडक्यात: देव एकेका लेकराला वर बसून मारत नाही. त्यानं जग नियमानं चालायला सोडलंय. नियम असा की साठलेल्या पाण्यात डास होतो, डासानं ताप येतो, तापाला वेळेत औषध लागतं. आता घटनाक्रम. ताप सोमवारी आला. अश्विनीच्या बँकेत ऑडिट होतं, रजा मिळेना. घरातलंच सिरप दिलं. मंगळवार तसाच. बुधवारी ताप उतरला, सगळ्यांना बरं वाटलं. गुरुवारी संध्याकाळी दवाखान्यात नेलं. शनिवारी पहाटे गेला. यात देवाचा हात कुठे दिसतो? कुठेच नाही. कोणावर आरोप नाही, नुसता घटनाक्रम.

टेबल पुसताना सुलभानं वाचलं. फडकं हातात तसंच. म्हणाली, हे तिच्यापुढे वाचाल तर बघा. म्हटलं, सुलभा, हा कायद्याचा मुद्दा आहे, तुला नाही कळायचा. मग तिनं माझं बायबल उघडलं, दावीदाचं पान काढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तीच, बायकोचं सांत्वन केलं ती. म्हणाली, एवढंच करा. म्हटलं, ती ओळ अप्रस्तुत आहे. सुलभा रडली. तिला अलीकडे कशानंही रडू येतं.

अश्विनीला फोन करून कळवलं, पुढच्या रविवारी अंतिम सुनावणी. नक्की ये. हो म्हणाली.

रविवार, १० ऑगस्ट. संध्याकाळ.

जिंकलो.

उभं राहून बोललो. कोट घातला नाही, पण घातल्यासारखं वाटत होतं. अश्विनी समोरच्या खुर्चीत, हात मांडीवर. आवाज लागला होता. नियम, डास, पाणी, सगळं क्रमानं आलं. सोमवार म्हटलं तेव्हा तिनं मान वर केली. ऑडिट म्हटलं, सिरप म्हटलं, मंगळवार म्हटलं. डोळे हलवले नाहीत तिनं. इतकं लक्ष देऊन तर जज्जांनीही कधी ऐकलं नाही मला. सुलभा मधेच ओरडली, बस्स करा हो! मी दुर्लक्ष केलं. शेवटी म्हटलं, म्हणून माझा अशील निर्दोष आहे. काही प्रश्न?

ती म्हणाली, नाही अप्पा. मग म्हणाली, म्हणजे त्यानं नाही केलं. म्हटलं, तेच तर इतके दिवस सांगायचं होतं! म्हणाली, बरोबर आहे. मला वाटतच होतं.

एकही उलट प्रश्न नाही. पर्स उचलली. दारात म्हणाली, दगडवाल्याला मजकूर मीच सांगते, तुम्ही फोन करू नका. म्हणजे वचन मान्य! याला म्हणतात निकाल. दोन पेढे खाल्ले. आजचा दिवस अपवाद.

मंगळवार, १२ ऑगस्ट.

सुलभा पिशवी भरून हुबळीला लेकीकडे गेली. भात-आमटी करून ठेवली होती. कधी येशील विचारलं तर चपला घालून निघाली. घर शांत. लिखाणाला बरं.

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. खूश झाले. म्हणाले, सप्टेंबरात चर्चमध्ये तुमचं व्याख्यान ठेवू, तरुण पोरं फार प्रश्न विचारतात. पुस्तिकाही काढावी म्हणतो. अर्पणपत्रिका: चि. अश्विनीस.

शनिवार, १६ ऑगस्ट.

श्रीनिधी आला होता. एकटा. पाणी दिलं, प्यायला नाही. म्हणाला, ती जेवत नाही मावा. बँकेत जात नाही. सारखी वार मोजते. सोमवार, मंगळवार, बुधवार. परत सोमवार. मी म्हटलं, त्या दिवसांत तू पण घरात होतास ना? म्हणाला, होतो. तिला तेच सांगतो, दोघांनी मिळून सिरप दिलं, डॉक्टरला फोनवर मीच विचारलं होतं, ते म्हणाले बघू या. ती म्हणते, अप्पांनी सिद्ध केलंय.

मग म्हणाला, तुम्ही एकदा येऊन तिला सांगा. म्हटलं, काय सांगू? म्हणाला, काहीही. फक्त युक्तिवाद नको.

पहिल्यांदाच इतकं बोलला. त्याला समजावलं की हरलेल्या पक्षाला निकाल पचायला वेळ लागतो, आठवड्यात येईल ताळ्यावर. त्यानं नमस्कार केला आणि गेला. चहाचं विचारायचं राहिलं.

मंगळवार, १९ ऑगस्ट.

दगडवाल्याचा फोन. दगड तयार. अक्कांनी, म्हणजे अश्विनीनं, मजकूर दिला म्हणाला, मराठीत, कागदावर लिहून. विचारलं, पूर्ण बसला का? माझं वचन तसं लांब आहे. म्हणाला, बसला साहेब, चिक्कदु, लहान आहे. म्हणजे पोरीनं आटोपशीर करून घेतलं. शहाणी माझी. चोवीस तारखेला मी तिथे प्रार्थनेनंतर दोन शब्द बोलीन. मुद्दे काढले.

गुरुवार, २१ ऑगस्ट.

अश्विनीला फोन केला, उचलला नाही. सुलभाला केला, म्हणाली, ठेवा. बाळाचार्यांकडे जेवलो. वाढता वाढता ते म्हणाले, वकीलसाब, एक विचारू? तुमच्या त्या सुनावणीत एक तुमचा अशील होता, एक मयत होता. त्या दिवशी तिथे तिसरं कोण होतं? म्हटलं, न्यायाधीश. त्यांनी माझ्या भातावर आणखी सारू वाढलं.

झोप लागत नाही. पेढ्यांनी शुगर वाढली असणार.

रविवार, २४ ऑगस्ट. संध्याकाळ.

हुबळीच्या दफनभूमीत सगळे जमले होते. अश्विनी अर्धी झालीय. पांढरी साडी. सुलभानं तिचा दंड धरला होता, सोडला नाही. श्रीनिधी कण्हेरीजवळ उभा. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि दगडावरचं फडकं काढलं.

सागर. जन्माची तारीख. मृत्यूची तारीख. त्याखाली: आईला क्षमा कर.

एवढंच. त्या माणसाला मराठी धड येत नाही, पण एक काना चुकला नव्हता.

पाळकसाहेबांनी हळूच मला विचारलं, हे कुठल्या अध्यायातलं? खिशातले मुद्दे मी काढले नाहीत. तिच्याकडे गेलो. म्हटलं, अश्विनी, त्यानंच केलं ग. देवानंच नेला त्याला. तुझं काही चुकलं नाही. डॉक्टर पण बघू या म्हणाले होते. मी बोललो ते सगळं खोटं. देवानंच केलं. मोठ्यानं बोललो, पाळकसाहेबांच्या देखत, माझ्याच अशिलाच्या विरुद्ध. चाळीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. तिचा हात धरला तर बर्फासारखा गार.

ती म्हणाली, नाही अप्पा. तुम्ही फार छान मांडलं होतं.

मग आईला म्हणाली, चल, ऊन लागतंय तुला.

सगळे पांगल्यावर दगडवाल्याला बाजूला घेतलं. विचारलं, खालची ओळ घासून काढता येईल का? तो दगडाकडे बघत म्हणाला, नाही साहेब. खोल कोर असं अक्कांनीच सांगितलं होतं.